अ‍ॅटर्नी जनरल निवडताना: अमेरिकेतल्या मराठी मतदारांना खुलं पत्र

अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्या आणि तिथे मतदान करणाऱ्या मराठी बंधुभगिनींनो,

सप्रेम नमस्कार.

निवडणूक आली की राष्ट्राध्यक्ष, सिनेटर आणि गव्हर्नर यांच्यावर तुमच्या घरांतून रात्र रात्र वाद रंगतात, हे मी नातेवाइकांच्या फोनवरून ऐकत असतो. त्याच मतपत्रिकेवर खाली कुठेतरी ‘अ‍ॅटर्नी जनरल’ या पदाचे उमेदवार असतात. तिथवर नजर पोचेपर्यंत उत्साह संपलेला असतो. मग आपला पक्ष बघायचा आणि खूण करून मोकळं व्हायचं. मी आयुष्यभर साताऱ्याला फौजदारी वकिली केली. निवृत्तीनंतर अमेरिकेतले जुने खटले वाचायचा नाद लागला आणि त्यातल्या एका खटल्याने मला हे पत्र लिहायला बसवलं.

आपल्याकडे राज्याचा महाधिवक्ता घटनेच्या 165व्या कलमाखाली राज्यपाल नेमतात. त्याच्यासाठी कोणी सभा घेत नाही की पोस्टर लावत नाही. तुमच्याकडे 50 पैकी 43 राज्यांत अ‍ॅटर्नी जनरल थेट लोकांच्या मतांनी निवडून येतो. म्हणजे राज्याच्या वतीने कोर्टात कोण उभं राहणार आणि राज्याची सत्ता कुणाच्या विरोधात किती लावणार, हे अंशतः तुम्हीच ठरवता. ही ताकद किती मोठी आहे आणि तिचा उपयोग कसा होऊ शकतो, हे समजायला अलाबामा राज्यातल्या स्कॉट्सबरो गावचा खटला पुरेसा आहे. अलाबामाचे तेव्हाचे अ‍ॅटर्नी जनरल होते थॉमस नाइट, धाकटे. ‘धाकटे’ म्हणायचं कारण त्यांचे वडील, त्याच नावाचे, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती होते.

25 मार्च 1931. चॅटनुगाहून मेम्फिसकडे निघालेल्या मालगाडीत फुकट प्रवास करणारी पोरं होती, काही गोरी, काही काळी. मंदीचे दिवस होते. कामाच्या शोधात हजारो लोक असेच फिरत. डब्यात मारामारी झाली, गोऱ्या पोरांना खाली उतरवलं गेलं आणि त्यांनी जाऊन तक्रार केली. अलाबामातल्या पेंट रॉक या छोट्या स्टेशनावर बंदूकधारी जमावाने गाडी अडवून नऊ कृष्णवर्णीय मुलांना पकडलं. त्यातले सगळ्यात लहान जेमतेम तेरा वर्षांचे, मोठे विशीच्या आसपास. गाडीत दोन गोऱ्या तरुणीही सापडल्या, व्हिक्टोरिया प्राइस आणि रूबी बेट्स. आपल्यावर सामूहिक बलात्कार झाला, असं त्यांनी सांगितलं.

पुढचे दोन आठवडेही गेले नाहीत. 6 एप्रिलला स्कॉट्सबरोच्या कोर्टात सुनावणी सुरू झाली आणि चार दिवसांत आठ जणांना मृत्युदंड ठोठावण्यात आला. नववा, रॉय रायट, इतका लहान होता की सरकारनेच त्याच्यासाठी जन्मठेप मागितली. जूरीतले अकरा जण तरीही मृत्युदंडावर अडून बसले, म्हणून त्याचा खटला निकालाविना संपला. बचावाला होते दोन वकील. एक चॅटनुगाहून आलेला, जमीनजुमल्याची कामं करणारा. दुसरा सत्तरीला टेकलेला गावातला वकील. आरोपींशी बोलायला, साक्षीदार शोधायला त्यांना वेळच मिळाला नव्हता. मी स्वतः साध्या मारहाणीच्या केसमध्येसुद्धा आरोपीशी बोलण्यासाठी तारीख मागून घेतलेली आहे. आठ माणसांच्या जिवाचा प्रश्न चार दिवसांत कसा सुटतो, हे मला अजून कळलेलं नाही.

हा पहिला खटला नाइट यांनी चालवला नव्हता. तो स्थानिक सरकारी वकिलाचा होता. त्यांचा प्रवेश अपिलात झाला. अलाबामाच्या सर्वोच्च न्यायालयासमोर राज्याची बाजू मांडणं हे अ‍ॅटर्नी जनरलचं काम. मार्च 1932 मध्ये त्या न्यायालयाने सहा विरुद्ध एक मतांनी सात जणांची शिक्षा कायम केली. युजीन विल्यम्सची तेवढी रद्द झाली, कारण तो अल्पवयीन होता. विरोधी मत होतं एकट्या मुख्य न्यायमूर्ती अँडरसन यांचं. म्हणजे कायम करणाऱ्या सहांमध्ये नाइट यांचे वडीलही आले. मुलगा राज्याचा वकील, बाप खंडपीठावर. आपल्याकडे असं घडलं असतं तर बाररूममध्ये दुसरा विषय निघाला नसता.

प्रकरण वॉशिंग्टनला गेलं. नाइट तिथेही राज्याच्या वतीने उभे राहिले. 7 नोव्हेंबर 1932 ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी शिक्षा रद्द केल्या. ज्याला मृत्युदंड होऊ शकतो अशा, स्वतःचा बचाव करायला असमर्थ असलेल्या आरोपीला खराखुरा, कामाचा वकील मिळालाच पाहिजे, हे त्या निकालाने ठरवलं. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती होते जॉर्ज सदरलँड. हे नाव लक्षात ठेवा, ते पुढे आणखी दोनदा येणार आहे.

इथे नाइट यांना थांबायची पहिली संधी होती. पुरावा पुन्हा तपासता आला असता. निदान फेरखटला स्थानिक सरकारी वकिलावर सोपवून स्वतः राजधानीत, माँटगमरीत बसता आलं असतं. त्यांनी उलट केलं. 1933 च्या वसंतात डेकेटर गावी आरोपींपैकी हेवुड पॅटरसनची फेरसुनावणी लागली, तेव्हा राज्याचा अ‍ॅटर्नी जनरल जातीने सरकारी वकिलाच्या टेबलाशी येऊन बसला. देशभरचे पत्रकार तिथे जमले होते. समोर न्यूयॉर्कचे नामांकित फौजदारी वकील सॅम्युएल लीबोविट्झ होते. नाइट पस्तिशीच्या आतले, चपळ, महत्त्वाकांक्षी. माझ्या मते त्यांच्या आयुष्यातला निर्णायक क्षण हा होता, कारण तिथून पुढे हा खटला राज्याचा राहिलाच नाही, त्यांचा झाला.

डेकेटरच्या सुनावणीतल्या तीन गोष्टी सांगतो. वकील म्हणून त्या मला सोडत नाहीत.

पहिली डॉक्टरांची साक्ष. डॉ. ब्रिजेस हे सरकारचेच साक्षीदार. गाडी थांबल्यावर काही वेळातच त्यांनी दोन्ही तरुणींना तपासलं होतं. प्राइस सांगत होती की खडीने भरलेल्या उघड्या डब्यात सहा जणांनी तिच्यावर अत्याचार केला, पिस्तुलाने मारलं, रक्त आलं. डॉक्टरांना दिसले किरकोळ ओरखडे आणि थोडे काळेनिळे डाग. दोघीही शांत होत्या, नाडी आणि श्वास नेहमीसारखे. फौजदारी काम केलेल्या कोणालाही इथे थबकायला होतं. आपलाच साक्षीदार आपल्या फिर्यादीला खोटं पाडतोय, हे नाइट यांना कळलं नसेल असं मी मानत नाही.

दुसरी रूबी बेट्सची साक्ष. दोन तक्रारदारांपैकी एक. ती बचाव पक्षाकडून अचानक कोर्टात आली आणि म्हणाली की बलात्कार झालाच नाही. हीच गोष्ट तिने जानेवारी 1932 मध्ये एका मित्राला पत्रात लिहिली होती. आता राज्याच्या वकिलाने काय करायला हवं होतं? ती आधी खोटं बोलत होती की आता, हे शोधायला हवं होतं. नाइट यांनी उलटतपासणीत तिच्या अंगावरच्या नव्या कपड्यांवर बोट ठेवलं. हा कोट कुठून आला, पैसे कुणी दिले? न्यूयॉर्कच्या लोकांनी तिला विकत घेतलंय, एवढं जूरीच्या मनात उतरलं की काम झालं. उलटतपासणीत साक्षीदाराच्या हेतूवर शंका घेणं रास्तच, मीही ते केलेलं आहे. पण ज्या पक्षाच्या हातात विजेची खुर्ची आहे त्याला तेवढ्यावर थांबता येत नाही.

तिसरी एक छोटी चकमक. लीबोविट्झ यांनी जॉन सॅनफर्ड नावाचे सुशिक्षित कृष्णवर्णीय गृहस्थ साक्षीला आणले. त्यांच्यासारखी लायक माणसं जॅक्सन काउंटीत, म्हणजे स्कॉट्सबरोच्या जिल्ह्यात, असूनही जूरीच्या यादीत त्यांना जागा का नाही, हा मुद्दा होता. नाइट त्यांच्यावर बोट रोखून ‘जॉन’ अशी एकेरी हाक मारू लागले. लीबोविट्झ यांनी हरकत घेतली, त्यांना मिस्टर सॅनफर्ड म्हणा. नाइट यांचं उत्तर होतं की मला तशी सवय नाही. राज्याचा पहिला कायदा अधिकारी हे भर कोर्टात बोलतो. जातीवरून एकेरी हाक मारणं म्हणजे काय, हे महाराष्ट्रातल्या माणसाला वेगळं समजावून सांगावं लागू नये.

शेवटच्या युक्तिवादात नाइट यांचे सहकारी वेड रायट यांनी न्यूयॉर्कच्या ज्यू पैशाने अलाबामाचा न्याय विकत घेता येत नाही हे दाखवून द्या, असं जूरीला सांगितलं. नाइट उठले आणि म्हणाले की वंश किंवा धर्माच्या द्वेषावर आधारलेला निकाल मला नको, पुराव्यावरचा हवा. ऐकायला किती चांगलं वाटतं. पण त्याच भाषणात ते पुढे म्हणाले की याला सोडायचंच असेल तर गळ्यात गुलाबांचा हार घाला, जेवण घाला आणि न्यूयॉर्कला पाठवून द्या. पहिलं वाक्य कोर्टाच्या नोंदीसाठी होतं, दुसरं त्या बारा गोऱ्या जूररांसाठी. 9 एप्रिल 1933 ला हेवुड पॅटरसनला पुन्हा मृत्युदंड झाला.

मग एक अनपेक्षित गोष्ट घडली. न्यायाधीश जेम्स हॉर्टन, त्याच भागातले, त्याच समाजातले, 22 जून 1933 ला अथेन्स गावच्या कोर्टात बसले आणि प्राइसच्या साक्षीची एकेक बाजू पुराव्याशी ताडून त्यांनी सविस्तर निकाल वाचला. तिच्या जबानीला आधार नाही, उलट पुरावा तिच्या विरोधात जातो, असं म्हणून त्यांनी जूरीचा निकाल रद्द केला आणि नवा खटला चालवण्याचा आदेश दिला. ज्या न्यायाधीशाने सगळे साक्षीदार डोळ्यांसमोर पाहिले, त्यानेच हे सांगितलं होतं. नाइट यांना यापेक्षा सन्मानाने मागे फिरायची वाट मिळाली नसती. त्यांनी पुन्हा खटला चालवायचं जाहीर केलं. पुढची सुनावणी न्यायाधीश कॅलहन यांच्यासमोर झाली. त्यांनी जूरीला सूचना देताना दोषी ठरवायचा निकाल कसा लिहायचा ते सांगितलं. निर्दोष ठरवायचा कसा लिहायचा, ते सांगायचंच राहिलं. बचाव पक्षाला आठवण करून द्यावी लागली. वर्ष संपायच्या आत पॅटरसन आणि क्लॅरेन्स नॉरिस यांना मृत्युदंड.

आता 1934 चं साल बघा. त्या वर्षी हॉर्टन न्यायाधीशपदाची निवडणूक हरले. त्याच वर्षी नाइट अलाबामाचे लेफ्टनंट गव्हर्नर म्हणून निवडून आले. पुरावा वाचून निकाल देणारा घरी गेला, पुरावा बाजूला सारणारा वर चढला. दोन्ही गोष्टी मतदारांनी केल्या. ते मतदार कोण होते? 1901 च्या राज्यघटनेने अलाबामात मतदानासाठी कर, साक्षरतेची अट वगैरे लावून कृष्णवर्णीयांना मतदार याद्यांतून जवळजवळ पुसून टाकलं होतं. शिवाय हे नऊजण होते जॉर्जिया आणि टेनेसीचे. त्यांच्या आईबापांपैकी एकाचंही मत नाइट यांना मिळणार नव्हतं की त्यांच्या विरोधात पडणार नव्हतं. अशा माणसांवर खटला चालवताना निवडून आलेल्या वकिलाला काहीच गमवायचं नसतं. माझं सगळं म्हणणं या एका जागी आहे, म्हणून एवढं तपशिलात सांगितलं.

नाइट राक्षस होते, असं मी म्हणणार नाही. त्यांनी उचललेलं एकेक पाऊल सुटं पाहिलं तर कुठल्याही तरुण, हुशार, पुढे जाऊ पाहणाऱ्या वकिलाचं वाटेल. मिळालेला निकाल टिकवायचा, रद्द झाला तर पुन्हा मिळवायचा, दबावापुढे झुकलो असं दिसू द्यायचं नाही. खासगी अशिलाचा वकील असता तर हे सगळं कौतुकाचं ठरलं असतं. राज्याच्या वकिलाचं अशील वेगळं असतं. आरोपीही त्याच राज्याच्या कायद्याच्या छत्राखाली उभा असतो.

हे मी माझ्या पदरचं सांगत नाही. 1 एप्रिल 1935 ला सर्वोच्च न्यायालयाने नॉरिसची शिक्षाही रद्द केली, यावेळी एकमताने. जॅक्सन काउंटीच्या जूरी नोंदवहीत कृष्णवर्णीयांची नावं मागाहून घुसडलेली होती, असा बचाव पक्षाचा आरोप होता आणि न्यायमूर्तींनी भिंगातून ती पानं स्वतः पाहिली. मुख्य न्यायमूर्ती ह्यूज यांनी निकाल दिला की पिढ्यानपिढ्या एका वंशाला जूरीतून वगळून चाललेला खटला घटनेत बसत नाही. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, 15 एप्रिलला, बर्गर नावाच्या अगदी वेगळ्या खटल्यात न्यायमूर्ती सदरलँड यांनी सरकारी वकिलाचं कर्तव्य सांगितलं. तो सामान्य पक्षकाराचा प्रतिनिधी नव्हे. त्याचा हेतू खटला जिंकणं नसून न्याय होणं हा असला पाहिजे. त्याने कठोर घाव जरूर घालावेत, पण गैर घाव घालायची त्याला मुभा नाही. तो निकाल संघराज्याच्या वकिलाबद्दल होता, पण आजही अमेरिकेतल्या प्रत्येक सरकारी वकिलापुढे तोच ठेवला जातो.

अलाबामाने काय केलं? नवं आरोपपत्र, यावेळी ग्रँड जूरीत (खटला भरायचा की नाही हे ठरवणाऱ्या जूरीत) एक कृष्णवर्णीय सदस्य, आणि लेफ्टनंट गव्हर्नर झालेले नाइट विशेष सरकारी वकील म्हणून पुन्हा हजर. म्हणजे पद बदललं तरी खटला सोडवेना. जानेवारी 1936 मध्ये पॅटरसनला 75 वर्षांची शिक्षा झाली. त्या वर्षाच्या अखेरीला मात्र नाइट गुपचूप न्यूयॉर्कला जाऊन लीबोविट्झ यांच्याशी तडजोडीची बोलणी करून आले. राज्याचा पैसा आणि अब्रू दोन्ही चालली होती. मे 1937 मध्ये, चाळिशीही न गाठता, ते वारले.

जुलै 1937 मध्ये बाकीचे खटले उरकले. नॉरिसला मृत्युदंड, जो पुढे गव्हर्नरने जन्मठेपेवर आणला; अँडी रायटला 99 वर्षं, चार्ली वीम्सला 75. ओझी पॉवेलवरचा बलात्काराचा आरोप मागे घेऊन वेगळ्या गुन्ह्यासाठी 20 वर्षं. उरलेल्या चौघांना त्याच दिवशी सोडून दिलं. त्यातल्या विली रॉबर्सन आणि ओलेन माँटगमरी यांच्याबद्दल सरकार पक्षाने निवेदन केलं की हे दोघे दोषी नाहीत, अशी आमच्यातल्या प्रत्येक वकिलाची खात्री झाली आहे. रॉबर्सन आजाराने इतका खंगलेला होता की काठीशिवाय चालता येत नव्हतं. माँटगमरीला धड दिसत नव्हतं. या गोष्टी 1931 मध्येही कोणालाही दिसण्यासारख्या होत्या. खात्री पटायला सहा वर्षं लागली आणि ती सहा वर्षं त्या दोघांनी तुरुंगात काढली. शिवाय एकाच बाईच्या एकाच साक्षीवर चौघे सुटले आणि इतर अडकले, हे कुठल्या तर्कात बसतं ते मला सांगता येणार नाही. पॅटरसन 1948 मध्ये तुरुंगातून पळाला. मिशिगनच्या गव्हर्नरने त्याला अलाबामाच्या ताब्यात द्यायला नकार दिला. अँडी रायट सगळ्यात शेवटी, 1950 मध्ये सुटला.

या सगळ्याला एक दुसरी बाजू आहे आणि तीही त्याच कचेरीत घडली. 1970 च्या दशकात अलाबामाचे अ‍ॅटर्नी जनरल होते बिल बॅक्सली. पॅरोल मोडून न्यूयॉर्कला निघून गेलेला क्लॅरेन्स नॉरिस माफीसाठी पुढे आला, तेव्हा बॅक्सली यांच्या कचेरीने जुनी कागदपत्रं पुन्हा वाचली आणि हा माणूस निर्दोष आहे, त्याला माफी द्या, असं माफी मंडळाला कळवलं. ऑक्टोबर 1976 मध्ये नॉरिसला माफी मिळाली. सही करणारे गव्हर्नर जॉर्ज वॉलेस, एकेकाळचे वर्णभेदाचे कट्टर पुरस्कर्ते. याच बॅक्सली यांनी बर्मिंगहॅमच्या सोळाव्या रस्त्यावरच्या बॅप्टिस्ट चर्चमधल्या 1963 च्या बॉम्बस्फोटाचं प्रकरण पुन्हा उघडलं, ज्यात चार मुली मारल्या गेल्या होत्या, आणि 1977 मध्ये त्यातल्या एका आरोपीला शिक्षा मिळवून दिली. निर्दोषाला सोडवणं आणि दोषीला पकडणं एकाच माणसाला जमलं. बॅक्सलीही लोकांच्या मतांवरच निवडून आले होते. म्हणूनच निवडणूक बंद करा असं मी म्हणत नाही. बॅक्सली यांना गव्हर्नर होता आलं नाही, हेही सांगायला हवं.

नेमणुकीने आलेला माणूस आपोआप चांगला असतो असंही नाही. एडिसन आणि परिसरातल्या मंडळींनी आपल्या शेजारचं फ्लेमिंग्टन आठवावं. न्यू जर्सीत अ‍ॅटर्नी जनरल गव्हर्नर नेमतो. 1935 मध्ये प्रसिद्ध वैमानिक लिंडबर्ग यांच्या बाळाच्या खुनाचा खटला त्या गावी चालला, तेव्हा अ‍ॅटर्नी जनरल डेव्हिड विलेन्झ स्वतः उभे राहिले आणि आरोपी हाउप्टमनला जूरीपुढे हीनातल्या हीन जनावराहूनही हलका म्हणाले. हाउप्टमनविरुद्धचा पुरावा स्कॉट्सबरोपेक्षा कितीतरी भक्कम होता, खंडणीच्या नोटा त्याच्या गॅरेजमध्ये सापडल्या होत्या. तरी ज्याच्या मागे राज्य उभं आहे त्याने कोर्टात अशी भाषा वापरायची का, हा प्रश्न उरतोच.

आता सदरलँड यांचं नाव दुसऱ्यांदा. 1923 मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात, भारतीय माणूस कायद्याच्या अर्थाने ‘गोरा’ नाही, म्हणून त्याला अमेरिकेचं नागरिकत्व मिळू शकत नाही, हा निकाल याच न्यायमूर्तींनी लिहिला होता. त्यानंतर आधी नागरिक झालेल्या भारतीयांचंही नागरिकत्व काढून घ्यायला सरकारने सुरुवात केली. थिंड यांचे वकील होते कॅलिफोर्नियातले सखाराम गणेश पंडित. सरकारने त्यांच्यावरही तसाच दावा लावला. ते लढले आणि त्यांनी स्वतःचं नागरिकत्व राखलं. भारतीयांना नागरिक होण्याचा हक्क मिळाला तो 1946 च्या कायद्याने. म्हणजे स्कॉट्सबरोचे खटले चालू होते त्या काळात भारतातून गेलेला तुमच्या-माझ्यासारखा माणूस अमेरिकेत त्या नऊ मुलांच्याच बाजूला उभा होता. मत नाही, जूरीत जागा नाही, कोणत्याही अ‍ॅटर्नी जनरलला त्याची पर्वा करायचं कारण नाही. आज तुमच्याकडे मत आहे. शिक्षण, पैसा, चांगली वस्ती आहे. नाइट यांना निवडून देणारे लोकही आपापल्या गावातले प्रतिष्ठित, देवभिरू, कुटुंबवत्सल नागरिकच होते.

तुमचं म्हणणं मला ऐकू येतं. गुन्हे वाढलेत, दुकानं लुटली जातात, आम्हाला कडक माणूस हवा. हवाच. बळी पडलेल्यांची बाजू मीही कोर्टात मांडलेली आहे. आणि अ‍ॅटर्नी जनरलचं काम फक्त फौजदारी नसतं, हेही खरं. ग्राहकांची फसवणूक, औषध कंपन्या, प्रदूषण यांवर तोच लढतो. 1998 मध्ये 46 राज्यांच्या अ‍ॅटर्नी जनरलांनी मिळून सिगारेट कंपन्यांना नमवलं होतं. बऱ्याच राज्यांत खुनाचे खटले काउंटीचा सरकारी वकील चालवतो. पण वरच्या कोर्टात शिक्षा टिकवायची की चूक मान्य करायची, तुरुंगातून वर्षांनी आलेल्या अर्जाला काय उत्तर द्यायचं, हे फार ठिकाणी याच कचेरीत ठरतं. नाइट यांनी प्रत्येक वळणावर जे केलं ते तिथूनच केलं.

म्हणून माझी विनंती अगदी व्यवहारातली आहे. उमेदवार तुमच्या मंडळाच्या दिवाळीला, गणेशोत्सवाला येतात. शाल घेतात, नमस्कार करतात, फोटो काढतात. त्या वेळी एकाने तरी उठून विचारावं की तुम्ही सरकारी वकील असताना पुरावा कच्चा दिसला म्हणून कधी खटला मागे घेतलाय का? शिक्षा झालेला माणूस निर्दोष निघाला तर तुमची कचेरी त्याच्या बाजूने कोर्टात उभी राहील का? जुन्या शिक्षा तपासणारा वेगळा विभाग तुमच्याकडे असेल का, आणि त्याला माणसं आणि पैसा द्याल का? आरोपीच्या उपयोगाचा पुरावा दडवणाऱ्या तुमच्याच वकिलाचं काय कराल? उत्तर गोलमोल आलं तर तेही उत्तरच आहे. जाहिरातीत ‘इतक्या जणांना शिक्षा मिळवून दिली’ एवढाच आकडा असेल तर किती प्रकरणं मागे घेतली, हेही विचारा.

आणखी एक. जूरी ड्यूटीचं पत्र आलं की कामाचा, प्रवासाचा, भाषेचा बहाणा शोधू नका. लोकमान्य टिळकांवर 1908 मध्ये मुंबई हायकोर्टात राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा ‘केसरी’तले लेख मराठी होते आणि नऊ जणांच्या जूरीत सात युरोपीय, दोन पारशी. सात विरुद्ध दोन मतांनी निकाल लागला आणि टिळक सहा वर्षं मंडालेला गेले. जूरीत कोण बसतं याने काय होतं, हे आपल्या घरात शाळेपासून शिकवलं जातं. जॅक्सन काउंटीच्या वहीत ज्यांची नावं खोटेपणाने घुसडावी लागली, त्यांना ती जागा हवी होती आणि मिळत नव्हती. तुमचं नाव त्या वहीत खरंखुरं आहे.

स्कॉट्सबरोच्या शेवटच्या तिघांना, पॅटरसन, वीम्स आणि अँडी रायट यांना, अलाबामाने नोव्हेंबर 2013 मध्ये मरणोत्तर माफी दिली. त्यासाठी आधी विधिमंडळाला नवा कायदा करावा लागला, कारण मेलेल्या माणसाला माफी द्यायची तरतूदच राज्यात नव्हती.

येत्या निवडणुकीआधी तुमच्या राज्यातल्या उमेदवारांची जुनी प्रकरणं काढून वाचा. बातम्या, निकाल, अपिलं, सगळं घरबसल्या सापडतं. मंडळात कोणी वकील असेल तर त्याच्याकडून समजून घ्या, आणि कळलेलं मराठीत लिहून एकमेकांना पाठवा. मलाही पाठवलंत तर मी वाचीन.

आपला,
साताऱ्याचा एक निवृत्त फौजदारी वकील